नोंदवहीतील नाव : डोमेन नावांची चोरी आणि नोंदणीकाराचे उत्तरदायित्व

१. मालकीपूर्वीची भाषा

इंटरनेटच्या नामव्यवस्थेची घडी बसवणाऱ्या संगणकतज्ज्ञांमध्ये जॉन पोस्टेल यांचे स्थान अग्रगण्य होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी या व्यवस्थेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. 'आरएफसी १५९१' या क्रमांकाने ते ओळखले जाते. डोमेन नावांसंबंधी 'हक्क' आणि 'मालकी' यांची भाषा अप्रस्तुत आहे. विचार करायचा तो समाजाप्रति असलेल्या 'जबाबदारी'चा आणि 'सेवे'चा, अशी भूमिका त्यात मांडलेली आहे. हे विधान मुख्यतः नामक्षेत्रांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकांना उद्देशून होते. हा व्यवस्थापक मालक नसून विश्वस्त आहे, असे पोस्टेल यांना सुचवायचे होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ९ मे १९९४ रोजी, गॅरी क्रेमेन या अमेरिकी उद्योजकाने 'सेक्स डॉट कॉम' हे नाव नोंदवले. नोंदणी विनामूल्य होती. पुढे दीड वर्षाच्या आत एका बनावट पत्राच्या आधारे ते नाव दुसऱ्याच्या नावावर चढवले गेले. ते परत मिळवण्यासाठी क्रेमेन यांना २००० सालाच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली, आणि ज्या संस्थेने ते परस्पर देऊन टाकले तिची जबाबदारी ठरण्यास २००३ उजाडले.

या प्रकरणाकडे आजवर प्रामुख्याने संपत्तिविषयक कायद्याच्या अंगाने पाहिले गेले. नाव ही मालमत्ता आहे काय, हा त्यातील प्रश्न गाजला. परंतु पोस्टेल यांच्या टिपणाच्या पार्श्वभूमीवर या इतिहासाचे दुसरे सूत्र दिसू लागते. नावाच्या मालकीचा सिद्धांत येथे जन्माला आला तो नाव राखणाऱ्याने आपली जबाबदारी पाळली नाही म्हणून. विश्वस्ताची भाषा जेथे अपुरी पडली तेथे न्यायालयाला मालकाची भाषा आणावी लागली.

२. एका यादीपासून नोंदणी संस्थेपर्यंत

आरंभी नामव्यवस्था म्हणजे केवळ एक यादी होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ती ठेवत असत. जाळ्यात नवा संगणक आला की त्याचे नाव या एकाच नोंदपत्रात चढे, आणि इतरांनी ते तेथून उतरवून घ्यावे अशी रीत होती. नाव राखणारी आणि नाव घेणारी माणसे परस्परांना प्रत्यक्ष किंवा ऐकून ओळखत होती. यादी वाढत गेली तशी ती एका जागी सांभाळणे अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी विकेंद्रित 'डोमेन नेम सिस्टिम'चा आराखडा मांडला, आणि १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स डॉट कॉम' हे 'डॉट कॉम' वर्गातील पहिले नाव नोंदले गेले.

या व्यवस्थेत नावाचे अस्तित्व केवळ नोंदीत असते. जमिनीचा दस्त हरवला तरी जमीन जागेवर राहते; डोमेन नावाच्या बाबतीत नोंदीखाली दुसरे काहीच नसते. नोंद बदलली की वाचक, पत्रव्यवहार, ग्राहक हे सारे नव्या धारकाकडे वळतात. त्यामुळे येथील चोरी म्हणजे वस्तू उचलून नेणे नव्हे, तर मजकुरातील एक ओळ पुसून तेथे दुसरी लिहिणे होय. ती ओळ लिहिण्याचा अधिकार मात्र चोराकडे नसतो. तो नोंदणीकाराकडे असतो. नोंदणीकाराच्या हाताशिवाय ही चोरी तडीस जाऊच शकत नाही.

१९९३ पासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनशी झालेल्या सहकार्य कराराने 'डॉट कॉम'ची नोंदणी नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे आली. सप्टेंबर १९९५ मध्ये तिने शुल्क आकारण्यास सुरुवात केली. पहिल्या दोन वर्षांसाठी १०० डॉलर असा तो दर होता. परिचितांची यादी आता व्यवसायाची नोंदवही झाली होती. मात्र परिचयाच्या जागी खातरजमेची कोणतीही ठाम पद्धत आली नव्हती. ऑक्टोबर १९९५ मधील पत्र याच फटीतून आत शिरले.

३. पत्राचा मजकूर

हे पत्र लिहवून घेणारा स्टीफन कोहेन हा दिवाळखोरी प्रकरणांतील वकील असल्याची बतावणी केल्याबद्दल तुरुंगवास भोगून नुकताच सुटला होता. त्याने नेटवर्क सोल्युशन्सकडे जे पत्र पाठवले ते त्याच्या स्वतःच्या नावाचे नव्हते. 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या क्रेमेन यांच्या कंपनीकडून आपल्याला आलेले पत्र म्हणून त्याने ते पुढे केले.

पत्रातील कथन असे : कंपनीला क्रेमेन यांना कामावरून दूर करावे लागले, नोंदणीतील संपर्काचे नाव बदलायचे राहून गेले, आता संचालक मंडळाने हे डोमेन नाव सोडून देण्याचा निर्णय घेतला आहे, कोहेन यांच्या कंपनीने ते वापरण्यास आमची हरकत नाही. हे सारे नोंदणी संस्थेला थेट न कळवता कोहेनमार्फत का कळवले जात आहे, याचा खुलासाही पत्रातच होता. आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नाही, सबब आमच्या वतीने तुम्हीच कळवावे, असे त्यात म्हटले होते.

वि. का. राजवाडे यांच्या काळापासून मराठी इतिहाससंशोधनात अस्सल आणि बनावट कागद पारखण्याची एक शिस्त रुजली आहे. अंतःप्रमाण आणि बहिःप्रमाण ही तिची दोन अंगे होत. या पत्राला दोन्ही कसोट्या लावता येतात. 'ऑनलाइन' हा शब्द नावातच मिरवणाऱ्या कंपनीकडे इंटरनेट नसावे, ही विसंगती अंतःप्रमाणानेच उघडी पडते. अपील न्यायालयानेही तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्याला लाभ व्हायचा त्याच्याच हातून त्याग करणाऱ्याचे पत्र यावे, ही दुसरी संशयास्पद गोष्ट. बहिःप्रमाणासाठी तर फार दूर जाण्याची आवश्यकता नव्हती. क्रेमेन यांचे नाव आणि संपर्क कंपनीच्या स्वतःच्या नोंदवहीत होता. त्यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न झाला नाही आणि नोंद बदलली गेली. काही काळाने क्रेमेन यांनी विचारणा केली तेव्हा आता उशीर झाला, असे त्यांना सांगण्यात आले.

बनावट पत्र हा वाङ्मयप्रकार म्हणून पाहिला तर त्याचे यश लेखकाच्या कौशल्यापेक्षा वाचकाच्या सवयीवर अवलंबून असते. कार्यालयातील वाचक मजकूर वाचत नाही, त्याचा साचा ओळखतो. नाममुद्रा, संचालक मंडळाचा ठराव, हरकत नसल्याचे वाक्य आणि सही हे चार घटक जुळले की कागद 'पुरा' होतो. कोहेनने कथा रचली ती या साच्यात बसेल एवढीच. क्रेमेन यांना बडतर्फ करण्याचा प्रसंगही त्याने विचारपूर्वक योजला, कारण त्यामुळे खऱ्या धारकाचा संभाव्य आक्षेप आधीच एका नाराज नोकराचा आक्षेप ठरतो. पत्र ज्याच्याकडून नाव काढून घेते त्यालाच अविश्वसनीय ठरवून ठेवते.

४. न्यायालयातील तीन उत्तरे

क्रेमेन यांनी १९९८ मध्ये दावा दाखल केला. कॅलिफोर्नियातील संघराज्यीय जिल्हा न्यायालयाने २७ नोव्हेंबर २००० रोजी नाव त्यांना परत देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २००१ मध्ये कोहेनविरुद्ध एकूण ६.५ कोटी डॉलरचा निवाडा केला. त्यातील ४ कोटी नुकसानभरपाईचे आणि २.५ कोटी दंडात्मक होते. कोहेनने पैसा परदेशी वळवला होता; तो स्वतः मेक्सिकोत पळाला आणि तेथे २००५ मध्ये पकडला गेला. नाव परत आले, परंतु मधल्या पाच वर्षांची भरपाई कागदावर राहिली. त्यामुळे नेटवर्क सोल्युशन्सच्या जबाबदारीचा प्रश्न तात्त्विक उरला नाही. जिल्हा न्यायालयाने या कंपनीविरुद्धचे दावे मे २००० मध्येच फेटाळले होते. त्याविरुद्धचे अपील नवव्या विभागीय अपील न्यायालयापुढे आले आणि २५ जुलै २००३ रोजी न्यायमूर्ती ॲलेक्स कोझिन्स्की यांनी निकालपत्र दिले.

पहिले उत्तर कराराच्या भाषेतील होते. नोंदणी विनामूल्य असल्याने प्रतिफल नाही आणि प्रतिफल नाही म्हणून क्रेमेन व कंपनी यांच्यात करारही नाही, असे न्यायालयाने मानले. दुसरे उत्तर सार्वजनिक कर्तव्याच्या भाषेतील होते. सायन्स फाउंडेशनशी झालेल्या करारानुसार कंपनी नोंदणीधारकांचे हित जपण्यास बांधील आहे, हा मुद्दाही टिकला नाही. त्या करारातून क्रेमेन यांच्यासारख्या त्रयस्थाला अंमलबजावणीचा हक्क मिळत नाही, असे ठरले. म्हणजे पोस्टेल यांनी ज्या 'सेवा' आणि 'जबाबदारी' या शब्दांवर भिस्त ठेवली होती त्यांना न्यायालयात उभे राहण्यास पाय उरले नाहीत. सेवा फुकट होती म्हणून तिच्याबद्दल जाब विचारता येत नव्हता.

तिसरे उत्तर मालमत्तेच्या भाषेत आले. इंग्रजी सामान्य विधीत 'कन्व्हर्शन' नावाचे एक जुने अपकृत्य आहे. दुसऱ्याची वस्तू स्वतःची असल्याप्रमाणे वापरणे किंवा परस्पर तिसऱ्याला देऊन टाकणे, असा त्याचा अर्थ. हेतू वाईट असावाच लागत नाही. त्याचा उगम हरवलेल्या वस्तूंच्या दाव्यात आहे. वस्तू आपल्या हातून हरवली आणि प्रतिवादीला सापडली, अशी एक कल्पित कथा वादीने सांगायची आणि न्यायालयाने ती प्रश्न न विचारता मान्य करायची, अशी ही विधिकल्पना होती. हरवणे आणि सापडणे या क्रिया हातात धरता येणाऱ्या वस्तूलाच लागू पडतात. त्यामुळे अमूर्त हक्क एखाद्या दस्तऐवजात सामावलेला असेल तरच त्याला हे संरक्षण मिळे.

न्यायालयाने प्रथम डोमेन नाव हे मालमत्ता आहे काय हे तीन कसोट्यांवर तपासले : हितसंबंधाची व्याप्ती नेमकी सांगता येते काय, त्यावर अनन्य ताबा ठेवता येतो काय, आणि त्या अनन्यतेवर धारकाचा रास्त दावा आहे काय. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले. दस्तऐवजाच्या अटीबाबत कॅलिफोर्नियाचा कायदा तेवढा कर्मठ नाही, असे सांगताना १८८० च्या पेन विरुद्ध एलियट या खटल्याचा आधार घेतला गेला. भागपत्र हा कागद हिरावला गेला नसला तरी भागभांडवलातील हिश्शाचे अपहरण होऊ शकते, असे त्यात ठरले होते. त्यापुढे जाऊन निकालपत्राने म्हटले की, दस्तऐवजाची अट मानलीच, तरी अनेक संगणकांवर विखुरलेली, सतत अद्ययावत होणारी नामव्यवस्था हाच एक दस्तऐवज, किंबहुना दस्तऐवजांचा समूह आहे. संहिता म्हणजे काय, या साहित्यविचारातील प्रश्नाला येथे एका दिवाणी न्यायालयाने उत्तर दिले आहे. संहितेला एक प्रत, एक जागा, एक अंतिम रूप असण्याची आवश्यकता नाही. तिच्यातील नोंद कोणाला बांधते, यावर तिचे दस्तऐवजपण ठरते.

बनावट पत्रावरून कोणाचे भाग दुसऱ्याला देणारी कंपनी जशी जबाबदार ठरते तशीच नाव देऊन टाकणारी नोंदणी संस्थाही ठरावी, असा निकालाचा गाभा होता. अशा जबाबदारीने नोंदणीचा खर्च वाढेल, हा युक्तिवाद न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. प्रकरण खालच्या न्यायालयात परत गेले आणि २००४ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली.

या निकालाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. अमेरिकेतच व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये डोमेन नाव हे नोंदणी सेवेपासून अलग करता येत नाही, सबब धनकोला ते जप्त करता येणार नाही, असे ठरवले होते. शिवाय क्रेमेन यांचा विजय करार नसल्यामुळे शक्य झाला. पुढील काळात प्रत्येक नोंदणीला शुल्क आणि शुल्काबरोबर करार आला. आणि कंपनीची जबाबदारी मर्यादित करणारी कलमे या करारांत सर्रास आढळतात. निकालाने उघडलेले दार कराराने पुन्हा अर्धे लोटून घेतले.

५. तोतया आणि चोर

भारतीय न्यायालयांनी याच काळात डोमेन नावांचा विचार केला, पण त्यांच्यासमोरील प्रश्न वेगळा होता. १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात 'याहू'चे आणि मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ'चे प्रकरण आले. दोन्हींत मूळ नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन व्यवसाय करणाऱ्यास रोखण्यात आले. ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यवसायाची ओळख आहे, आणि त्याला व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय दिला.

मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्यास तोतया हा एक शब्द पुरेसा आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि न. चिं. केळकर यांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाने तो प्रसंग रंगभूमीवर आणला. तोतया मूळ नावाशेजारी दुसरे नाव उभे करतो. खरे कोण, हे लोकांनी ओळखायचे असते. डोमेन नावाच्या चोरीत शेजारी कोणी उभे राहतच नाही. तेच नाव, तीच अक्षरे, त्याच जागी राहतात. बदलतो तो केवळ धारक. येथे तोतयेगिरी होते ती लोकांपुढे नव्हे, नोंदणीकारापुढे.

१९९९ मध्ये 'आयकॅन' या जागतिक नामव्यवस्थापन संस्थेने स्वीकारलेली तंटानिवारण पद्धती आणि २००५ मध्ये 'डॉट इन'साठी आलेली भारतीय पद्धती या दोन्ही तोतयांसाठी आहेत, चोरांसाठी नाहीत. तक्रारदाराला व्यापारचिन्हासारखा हक्क आणि समोरच्याचा दुर्हेतू सिद्ध करावा लागतो. ज्याचे नाव एखाद्या सामान्य शब्दाचे आहे, त्याचे ते चोरीला गेले तरी व्यापारचिन्ह दाखवता येत नाही. रजिस्ट्रारच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न भारतात पुढे वेगळ्या वाटेने आला. एप्रिल २०२२ मध्ये स्नॅपडीलच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले की, मिळतीजुळती नावे स्वतःहून सुचवून ती मोबदल्यासाठी विकणारा रजिस्ट्रार स्वतःला केवळ निष्क्रिय मध्यस्थ म्हणवू शकत नाही. खटला तोतयांचा असला तरी नोंदवही राखणारा तटस्थ असतो, हे गृहीत त्याने हलवले.

६. मौनाचा अर्थ

१९९९ नंतर 'डॉट कॉम'ची नोंदणी अनेक रजिस्ट्रारमध्ये वाटली गेली. मूळ नोंदवही एक, पण तीत लिहिणारे हात अनेक, अशी स्थिती आली. नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे सहज नेता यावे म्हणून आयकॅनचा नवा नियम १२ नोव्हेंबर २००४ पासून लागू झाला. जुन्या रजिस्ट्रारने पाच दिवसांत नकार कळवला नाही तर हस्तांतर पुढे जावे, असे त्यात होते. ग्राहकाला अडवून ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला वेसण घालणे हा त्यामागील हेतू रास्त होता. परंतु त्यामुळे मौन म्हणजे संमती ठरली.

जानेवारी २००५ मध्ये 'पॅनिक्स डॉट कॉम' हे न्यूयॉर्कमधील जुन्या इंटरनेट सेवा कंपनीचे नाव पळवले गेले. नोंदणी ऑस्ट्रेलियात, नामनोंदी ब्रिटनमध्ये आणि ग्राहकांची पत्रे कॅनडात, अशी त्याची तीन देशांत वाटणी झाली. हे घडले शनिवारी. कार्यालये बंद होती आणि तातडीने दाद मागण्याची वाट नव्हती. सुमारे दोन दिवसांनी नाव परत आले. मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारने आपल्या एका पुनर्विक्रेत्याकडून संमतीची पडताळणी झाली नसल्याचे मान्य केले. त्याच वर्षी जुलैमध्ये आयकॅनच्या सुरक्षा समितीने डोमेन अपहरणांवर स्वतंत्र अहवाल काढला. पुढे हस्तांतरापूर्वी कुलूप, गुप्त संकेत, धारक बदलल्यावर साठ दिवसांची अटकाव मुदत, आणि २०१२ पासून चार तासांत उत्तर देणे बंधनकारक असलेला आपत्कालीन संपर्क अशा उपायांची भर पडत गेली.

तरीही जुने पत्र पूर्णपणे मागे पडले नाही. जानेवारी २०२१ मध्ये 'पर्ल डॉट कॉम' हे संगणकभाषेच्या समुदायाचे नाव हातचे गेल्याचे उघड झाले. ते सांभाळणाऱ्यांच्या निष्कर्षानुसार फसवणूक सप्टेंबर २०२० मध्येच झाली होती आणि तिच्यात बनावट कागदपत्रांचा वापर झाला असावा. नंतर नाव चीनमधील व तेथून जर्मनीतील रजिस्ट्रारकडे गेले. साठ दिवसांच्या मुदतीचा नियम चोरांनीही पाळला असावा, असा त्यांचा तर्क आहे. फेब्रुवारीच्या आरंभी नाव परत आले, कारण ते प्रसिद्ध होते आणि त्याच्या मागे बोलणारा मोठा समुदाय होता. अप्रसिद्ध धारकाला हा आधार नसतो. त्यातच युरोपीय खासगीपणाच्या कायद्यामुळे मे २०१८ पासून नोंदणीधारकांचा बहुतेक तपशील सार्वजनिक नोंदीतून झाकला गेला. व्यक्तीचे रक्षण करणाऱ्या या तरतुदीने आधीचा धारक कोण होता याचा उघड पुरावाही दुर्मिळ केला.

७. विचारणा

कोझिन्स्की यांच्या निकालपत्रात डोमेन नोंदणीला जमिनीच्या नोंदणीची उपमा दिलेली आहे. ही उपमा मराठीत अधिक दूरवर नेता येते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढते आणि नाव कमी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची वर्दी आल्यावर तलाठ्याने ती चावडीवर लावायची असते आणि हितसंबंध असलेल्या प्रत्येकाला लेखी कळवायचे असते. हरकत आल्यास ती तक्रारींच्या नोंदवहीत जाते, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच फेरफार पक्का होतो. खोट्या नोंदी यानेही थांबलेल्या नाहीत, हे गावोगावच्या दाव्यांवरून दिसते. परंतु ज्याचे नाव कमी व्हायचे त्याला आधी विचारले पाहिजे, हे तत्त्व या साध्या कार्यपद्धतीत कोरलेले आहे. विचारले नसेल तर दोष कोणाचा, हे सांगता येते.

१९९५ मध्ये क्रेमेन यांना विचारले गेले नाही. २००४ च्या नियमात उत्तर न येणे हेच उत्तर मानले गेले. २०२० मधील प्रकरणात, कागद खरा मानला गेला असेल तर, खऱ्या धारकापर्यंत विचारणा पोहोचली नाही. प्रत्येक वेळी नाव परत मिळवण्याचे ओझे मूळ धारकावर पडले, आणि नोंद राखणाऱ्याची जबाबदारी किती हा प्रश्न नंतर, तोही क्वचितच, न्यायालयात गेला. मालकीच्या सिद्धांताने धारकाला दावा करण्याची जागा मिळवून दिली. विचारणा करण्याचे नोंदणीकाराचे कर्तव्य मात्र त्यातून आपोआप निघत नाही. ते पोस्टेल यांच्या 'जबाबदारी' या शब्दातच होते, पण त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती.

२०१४ पासून देवनागरीतील 'डॉट भारत' या नामक्षेत्रात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील नावे नोंदवता येऊ लागली. प्रकाशन संस्था, नियतकालिके, ग्रंथसंग्रह आणि लेखक यांचे अस्तित्व जसजसे अशा नावांवर विसंबू लागेल, तसतसा हा इतिहास मराठी वाङ्मयव्यवहाराचाही होईल. एखाद्या नियतकालिकाची जुनी अंकमाला केवळ त्या एका नावामागे ठेवलेली असेल, तर नोंदवहीतील एक ओळ बदलताच ती वाचकाच्या हातून जाते. अशा वेळी नाव कोणाच्या मालकीचे होते हे न्यायालय सांगेल. ती ओळ बदलण्यापूर्वी मूळ धारकाला कोणी विचारले होते काय, हे मात्र नोंदवही राखणाऱ्यालाच सांगावे लागेल.